टेलरमास्तरांचं मशीन कुठं थांबायचं

सध्या माझं काय चाललंय, असं पनवेलात मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगून टाकतो. हातात तीन कामं आहेत. पहिलं, मिठागरात राबणाऱ्या एका बाईची कादंबरी. चार वर्षं झाली, संपायला तयार नाही. दुसरं, बारा गोष्टींचा संग्रह. त्यातल्या नऊ लिहून झाल्या. उरलेल्या तिघींची नावं ठेवून झालीत, जन्म व्हायचा आहे. तिसरं, एक छोटं नाटक. ते गणेशोत्सवाच्या कमिटीनं परत पाठवलं, कारण नाटकात पात्र एक आणि कमिटीत काम मागणारे अकरा.

मी कुठल्या प्रकाशकाच्या दारात उभा राहत नाही. म्हणजे दोनदा राहिलो होतो, पण ते सोडा. पहिलं पुस्तक मी स्वतःच काढलं, लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात. मुखपृष्ठ गुलाबी झालं, कारण लग्नसराईतला कागद उरला होता. आत सगळ्या मरणाच्या गोष्टी. एक प्रत लायब्ररीला भेट दिली आणि महिन्याभरानं सहज गेल्यासारखं दाखवून चौकशी केली.

"आहे की तुमचं पुस्तक!" ग्रंथपाल म्हणाले. "अगदी वरच्या फळीवर. सुरक्षित."

"कुणी नेलं होतं का?"

"शिडी मोडलीय हो."

दिवसा मी भाताच्या गिरणीत कारकून. गिरणीच्याच माडीवर खोली. लग्न केलं नाही. का केलं नाही याच्या मी चार वेगवेगळ्या हकिकती सांगतो आणि चारही लोकांना आवडतात. खानावळीत मी जेवायला बसलो की आजूबाजूची पानं आपोआप भरतात. मालकांची शिंक, सर्कल इन्स्पेक्टरची चाल, उरणच्या गाडीत कोंबडी लपवून नेणारी म्हातारी, सगळं मी करून दाखवतो. भात कालवणारे हात थांबतात, वाढपी आमटीचं भांडं घेऊन तसाच उभा राहतो. मग ताटं उचलली जातात, लोक पोट धरून हसत घरोघर जातात आणि मी जिना चढून वर येतो. वर एक खाट, एक टेबल आणि शिवलेल्या कागदांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यात काय आहे, हे इतक्या वर्षांत खानावळीतल्या एकानंही विचारलेलं नाही.

अपवाद एकच. बाजाराच्या तोंडाशी दुकान असलेले टेलरमास्तर. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, उरणकडच्या एका आगरी गावातले. घरची माणसं सगळी मिठागरातली, हे एकटेच सुईदोऱ्याकडे वळलेले. तीन वर्षांपूर्वी मी एकदा सदऱ्याचं माप द्यायला गेलो आणि मिठागराबद्दल इतकं विचारलं, की ते म्हणाले, "भाऊ, तुमी मीठ पिकवनार की लिवनार?" लिहिणार म्हटल्यावर म्हणाले, "मंग वाचून दावा."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी त्यांच्या मशीनसमोरच्या बाकावर बसून प्रकरण वाचू लागलो. मास्तर बोलत नसत. त्यांचे पाय मशीनवर, मान कापडावर. पण गोष्ट रंगली की मशीन थांबायचं! काय सांगू तुम्हाला तो आनंद. खडखड खडखड चालू आहे, मी बाईला खाडीच्या काठावर आणून उभी करतो, हात वर जातो, आवाज खाली येतो, आणि दुकानात एकदम शांतता. मास्तर डोळे वर करून माझ्याकडे बघताहेत. जिथं मशीन थांबेल ते पान पक्कं, जिथं चालू राहील ते घरी जाऊन फाडायचं, असा माझा नियमच झाला. मोठमोठ्या टीकाकारांच्या हातात लेखणी असते, माझ्या टीकाकाराच्या पायाखाली लोखंडी जाळी होती. अशी चौदा प्रकरणं मी पक्की केली.

आता पुढचा रविवार. लग्नाचे कपडे शिवायला आले होते आणि बाकावर गठ्ठेच गठ्ठे. मी मास्तरांच्या मागं स्टूल ओढून बसलो आणि कादंबरीतलं सगळ्यांत मोठं प्रकरण काढलं. उधाणाच्या भरतीत मिठागराचा बांध फुटतो, ते. बांध फुटला, मशीन चालू. पाणी आत शिरलं, मशीन चालू. वर्षाचं मीठ विरघळलं, बाई चिखलात बसून पाण्याला शिव्या देतेय, आणि मास्तर सदऱ्याची बाही जोडताहेत! मी उठून गेलो, तरी त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

आठवडाभर मी चडफडत होतो. माणूस कंटाळला, दुसरं काय! पण कंटाळला तर तसं सांगावं. मग मला एक दुष्ट कल्पना सुचली. पुढच्या रविवारी बाक मोकळा होता. मी मास्तरांच्या समोर बसलो, वही उघडली आणि तिच्या आत ठेवलेलं एसटीचं वेळापत्रक वाचायला घेतलं.

"पनवेल ते उरण," मी कुजबुजलो, "सकाळी सहा पंधरा." हात छातीवर. "सात पंचेचाळीस!" डोळे विस्फारले. "मार्गे... चिरनेर." इथं मी हात वर नेला, मान खाली घातली आणि थांबलो.

मशीन थांबलं. मास्तर बघत होते. मी पेणची दुपारची गाडी अशी काही सोडली, की त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले.

हसू दाबत मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या दुकानाला आग लागलीय."

त्यांनी मान डोलावली. "लय झ्याक झाला," ते म्हणाले.

माझं हसू तिथंच थिजलं. गिऱ्हाइकानं काहीही विचारलं तरी मास्तर "बेस्तरवारी देतो" एवढंच का म्हणायचे, हे मला त्या क्षणी कळलं. मी त्याला शिंप्याचा स्वभाव समजत होतो. माझ्या तोंडावरून त्यांनीही ओळखलं.

"समजला काय तुमाला?" ते म्हणाले. "दोन पावसाळं झालं. डावा कान आदी गेला, मंग उजवा. गिऱ्हाइकांना बोलू नका, नायतर मापं चुकतील म्हनून दुसरीकडं जातील."

बेतायच्या फळीवर त्यांचा खडू पडला होता. तो घेऊन मी फळीवर लिहिलं, 'मग मशीन का थांबवत होता?'

त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं. "तुमी हात वर न्यायचं, डोलं मोठं करायचं आन माज्याकडं बगत बसायचं. तवा मशीन चालू ठेवनं बरं दिसतं काय?"

'आणि रडलात ते?'

"तुमी रडवेलं झालेलं, भाऊ. एकट्या मानसाला कसा रडू देयाचा?"

मी खोलीवर आलो. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो, पानं समोर पसरली आणि कादंबरी मनातल्या मनात वाचली. तोंडाची एक रेषाही हलू दिली नाही. काय सांगू! 'ती नुसती बघत राहिली', असं एक वाक्य होतं. दुकानात ते वाचताना माझ्या डोळ्यांनी काय काय केलं होतं. कागदावर ती नुसती बघत होती. जागोजागी माझ्या हातांची, भुवयांची, आवाजाची जागा रिकामी सोडलेली. खानावळीत मी गाजतो तो हातांमुळे, आणि पुस्तकाला हात नसतात. चार वर्षांत ही कादंबरी एकाही माणसानं वाचली नव्हती. मी धरून.

त्यानंतर तीन रविवार मी दुकानात गेलो नाही. चौथ्या रविवारी सगळा गठ्ठा घेऊन गेलो आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवला. त्यांची शाळा चौथीपर्यंत झालेली. पण दुकानात सामान बांधून ठेवलं होतं. धाकटा भाऊ त्यांना गावी न्यायला आला होता. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या पाटलोणीचं माप चुकलंच होतं. मास्तरांनी गठ्ठा चादरीत गुंडाळला आणि कापडं ठेवायच्या ट्रंकेत टाकला. माझ्याकडं दुसरी प्रत नव्हती. ते सांगायला मी खडू शोधला, तर खडूही ट्रंकेत गेलेला.

दुकानात आता भांडीवाला आहे.

पावसाळा गेला, भाताचा हंगाम आला, गिरणी रात्रंदिवस घरघरू लागली. मी खानावळीत तोंडाची टकळी चालू ठेवली. लोकांना काही फरक कळला नाही. मला मात्र प्रत्येक नकलेनंतर वाटे, हे दिसतं आहे, पण माझं ऐकतंय कोण? आपल्याकडे साहित्य वाढावं म्हणून व्याख्यानं होतात, हारतुरे होतात, अध्यक्ष मोटारीनं येतात. माझी आशा त्याहून फार लहान आहे. दर गावात एक माणूस असावा, लिहिणाऱ्याचं तोंड न बघता त्याचं लिखाण वाचणारा, आणि चुकलं तर चुकलं म्हणणारा. मग पुस्तक गुलाबी कागदावर निघालं तरी हरकत नाही. पूर्वी मी मोठी लायब्ररी, नाट्यगृह, मासिक वगैरे मागत होतो. आता मागत नाही.

दिवाळीनंतर एक कार्ड आलं. अक्षरं शिवणीसारखी एका ओळीत, दाबून काढलेली:

'पान ६१ वर आलो. तुमची बाई आगरात चपला घालून उतरते. आगरात कोन चपला घालतो? पायानंच तुडवून जमीन कडक करायची असते. तलवं फाटतात, त्यात मीठ भरतं. माझी आय रात्री तलव्यांना तेल चोळून रडायची. चपला काढा. बाकी वाचतो हाय.'

मी कार्ड चार वेळा वाचलं. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या एकाही वाक्याला कुणी हरकत घेतली नव्हती! मी खोलीतल्या खोलीत गिरकी घेतली आणि खाटेला पाय आपटून घेतला.

चपला काढणं सोपं होतं. पण चपला काढल्यावर लक्षात आलं, की बांध फुटतो तेव्हा माझी बाई धावत जाते. फाटलेल्या तळव्यांत मीठ भरलेली बाई धावेल कशी? आणि ती धावली नाही, तर हाक मारणारी पहिली ती नाही, आणि मग सगळ्या गावानं तिला मानणं वगैरे पुढचा सारा मामला कोसळतो. निदान सहा प्रकरणं गेली. लिहिलेली पानं मास्तरांकडं. त्यांचं बोट त्यांवरून सरकत असेल, ती परत मागवायची नाहीत असं मी ठरवलं. नव्या कोऱ्या कागदावर सुरुवात केली.

काल रविवार. गिरणी बंद होती. मागच्या अंगणात खडी पडली आहे, तिच्यावरून मी अनवाणी चालून पाहिलं, दरवाज्यापासून विहिरीपर्यंत. बघायला कुणी नव्हतं, आणि कुणी असावं असं वाटलंही नाही. वर येऊन, पाय दुखत असतानाच लिहायला बसलो. बाई अजून बांधापासून लांब आहे. टाच टेकवत नाही, चवड्यावर चालते आहे.