जॉबरमामांचा आठवा दिवस

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या तरी ज्याची सुट्टी या महिन्यात बुधवारी आणि पुढच्या महिन्यात शुक्रवारी येते असा माणूस एकच सापडेल, आणि तो नेमका आमच्याच नशिबी आला. आमच्या घरात खाली चार पॉवरलूम आहेत. ते बिघडले की दुरुस्त करायला जो कारागीर येतो त्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात. हे जॉबर आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, धर्मानं ख्रिस्ती, भाषेनं आमच्यापेक्षाही पक्के शहापूरकर. मी त्यांना लहानपणापासून जॉबरमामा म्हणते. गल्लीतल्या कुठल्याही मागाचा नुसता आवाज ऐकून कुठला खिळा ढिला झालाय ते सांगणारा हा माणूस. पन्नाशी उलटेपर्यंत तो आम्हाला अगदी शहाणा वाटत होता.

पहिला धक्का बसला त्याला आता सहा वर्षं झाली. लग्नसराईच्या साड्यांची घाई होती, आणि सकाळी सकाळी दोन नंबरचा माग बंद पडला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मामांना बोलवायला पाठवलं. मामा दारातल्या पायरीवर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मांडीवर पवित्र शास्त्र उघडून बसले होते. मी म्हटलं, "मामा, चला, माग अडलाय." ते शांतपणे म्हणाले, "आज न्हाय बाळ. आज शब्बाथ." मी म्हटलं, "मामा, आज मंगळवार हाय." त्यावर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मंगळवार तुमच्या कॅलेंडरात. माझ्यात आज आठवा." मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आप्पांच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांना वाटलं, मामांना ताप चढलाय.

ताप नव्हता. मामांनी हिवाळाभर बसून शास्त्र पहिल्या पानापासून वाचून काढलं होतं आणि त्यांचं ठाम मत झालं होतं की देवानं काळ मोजायला चंद्र दिलाय, छापखाना नाही. अमावस्येनंतर पश्चिमेला चांदाची पहिली कोर डोळ्यांनी दिसली की महिना सुरू. दुसऱ्या दिवशी पहिला. तिथून आठवा, पंधरावा, बाविसावा आणि एकोणतिसावा हे शब्बाथ, पूर्ण विश्रांतीचे दिवस. त्या दिवशी काम नाही, चूल नाही, असू त्या ठिकाणाहून हलणं नाही. साडीच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यावर ते दर महिन्याचे तीस चौकोन स्वतः आखायचे. आप्पा हात जोडून म्हणाले, "अहो, रविवार घ्या, सोमवार घ्या, पायजे तर दोन दिवस घ्या, पण एक वार ठरवा." मामा म्हणाले, "वार ठरवणारा मी कोण? तुम्ही चांदालाच इचारा." माझ्या आईला मात्र यात काहीच विचित्र वाटलं नाही. ती म्हणाली, "म्हंजे तुमची बीज की. पंचांगात असती बघा लिहिलेली." यावर हादरायची पाळी मामांची होती. "लिहिलेली न्हाय चालत वैनी! दिसाय पायजे!"

त्यांच्या चर्चमध्ये तर भूकंपच झाला. पाद्रीसाहेब फळं घेऊन समजूत घालायला आले आणि मामांनी त्यांना विचारलं, "मोशेच्या तंबूत कॅलेंडर टांगलेलं होतं काय, साहेब?" पाद्रीसाहेब फळं ठेवून गेले. मामांनी रविवारी चर्चला जाणं मात्र सोडलं नाही, कारण मामींना एकटं पाठवणं त्यांना पटत नव्हतं आणि गाणी त्यांना मनापासून आवडायची. पण रविवार त्यांच्या हिशेबानं कामाचा दिवस. एकदा भर उपासनेत डोक्यावरचा पंखा कुरकुरला तेव्हा हे उठले, स्टुलावर चढले आणि उपदेश चालू असताना पंख्याला तेल घालून खाली आले. सगळी मंडळी तोंडात बोट घालून बघत राहिली. मामी त्या दिवशी घरी चालत आल्या त्या मामांच्या दहा पावलं पुढून. अधूनमधून असा महिना यायचा की चांदाचे शब्बाथ नेमके रविवारीच पडायचे. त्या महिन्यात पाद्रीसाहेब फार खूश असायचे. त्यांना वाटायचं, मामा सुधारले.

पावसाळा हा मामांचा शत्रू. बेळगावात एकदा आभाळ धरलं की महिना महिना चंद्राचं नाव नको. न दिसला तर तीस दिवस पुरे करून पुढचा महिना धरायचा असा नियम होता, पण त्यांचं समाधान व्हायचं नाही. एका श्रावणात तिसाव्या दिवशी ते दुपारीच गायब झाले. चिकोडीकडे पाऊस कमी, आभाळ मोकळं असतं, म्हणून बस पकडून हे चिकोडीला चांद बघायला गेले होते. चांद दिसला. आता चांद दिसला म्हणजे दुसरा दिवस महिन्याचा पहिला, तोही पाळायचा, म्हणजे हलायचं नाही. तेव्हा हा गृहस्थ दुसरा अख्खा दिवस चिकोडीच्या बस स्टँडवर बाकावर बसून राहिला. तिथला कंट्रोलर दर तासाला येऊन कन्नडमध्ये विचारायचा, "यावाग होग्तीरी?" कधी जाणार? आणि हे हसून सांगायचे, "नाळे." उद्या. घरी मामींनी रडून गल्ली गोळा केली होती. ते परत आल्यावर मामींनी जे तोंड सोडलं ते ऐकून शेजारच्या शिंपीभाईंनी शिलाई मशीन थांबवलं. भाई आमचे मुसलमान, रमजानचा चांद ते बघायचेच. ते हळूच म्हणाले, "मामा, हमारा तो फोन आ जाता है." मामांनी त्यांना फोनच्या भानगडीवर अर्धा तास ऐकवलं.

मामी म्हणजे मामांच्या अगदी उलट. खरं तेच बोलायच्या, मोठ्यानं बोलायच्या, आणि नवऱ्याच्या या चांदापायी गल्लीत, चर्चमध्ये, माहेरी मान खाली घालावी लागते हे दिवसातून दोनदा ऐकवायच्या. "मी म्हंतो, देवाला एवढा हिशेब कशाला पायजे?" असं त्या आमच्याकडच्या बायकांच्या 'म्हंतो-भांडलो'च्या बोलीत आईला विचारायच्या. 

गेल्या वर्षी मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एके संध्याकाळी त्यांना एकाऐवजी तीन कोरी दिसल्या आणि ते घाबरले. मोतीबिंदू पिकला नाही म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं. मग मामांनी शास्त्रातूनच वाट काढली: दोन साक्षीदारांनी सांगितलं की गोष्ट खरी. मामी एक साक्षीदार आणि दुसरी मी. मी शाळेत शिकवते, म्हणून माझ्या शब्दावर त्यांचा विशेष विश्वास. दर महिन्याला एकोणतिसाव्या दिवशी सूर्य बुडाला की मी त्यांच्या गच्चीवर जायची. ते पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे आणि आधी मला, मग मामींना विचारायचे. मला ते काम फार मानाचं वाटायचं, हे इथे कबूल करते.

आणि त्याच वर्षी त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. मुलगा निपाणीचा. तिकडच्या मंडळींनी हॉल बघून फेब्रुवारीतला एक सोमवार पक्का केला. मामांनी पुठ्ठा काढला, बोटं मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला. चांद लग्नाच्या आठ दिवस आधी रविवारी दिसला तर लग्नाचा सोमवार बरोबर आठवा, शब्बाथ. सोमवारी दिसला तर लग्न सातव्या दिवशी, काही अडचण नाही. "रविवारी दिसला तर मी घर सोडून निपाणीला येणार न्हाय," ते म्हणाले. "पोरीला माझा आशीर्वाद हाय. हिथनं देतो." मुलीनं दोन दिवस जेवण सोडलं. मामी पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. 

त्या रविवारी आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं. मी गच्चीवर गेले तेव्हा मामी पदराला हात पुसत उभ्या होत्या, मामा कठड्याला धरून. मी मनाशी ठरवूनच गेले होते, आणि मामींचंही तेच ठरलंय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. थोड्या वेळानं नारळाच्या झाडाच्या डावीकडे ती दिसली, सुटलेल्या जरीच्या धाग्याएवढी बारीक कोर.

"बाळ, दिसला काय?" मामांनी विचारलं.

"न्हाय मामा," मी म्हटलं.

"तुला गं?"

मामींनी माझ्याकडे बघितलं. मग आभाळाकडे. "दिसला," त्या म्हणाल्या. "नारळाच्या डाव्या अंगाला. बारीक हाय."

मामा माझ्याकडे वळले. त्यांचे पांढुरके डोळे माझ्या तोंडाच्या थोडे बाजूला रोखलेले होते. "बाळ, परत एकदा बघ. नारळाच्या डावीकडं." मी सरळ चंद्राकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा म्हटलं, "न्हाय दिसत."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "एकच साक्ष झाली. एका साक्षीवर महिना धरता येत न्हाय. परवापास्नं धरू." आणि भिंतीचा आधार घेत खाली उतरले.

मी मामींचा हात धरला. "मामी, तुम्ही असं का केलंत? लग्न तुमच्याच पोरीचं!" त्या कठड्यावर टेकल्या. "सा वर्सं भांडलो मी त्यांच्यासंगं. त्यांचं अजून पटत न्हाय मला, बघ. पण आता त्यास्नी दिसंना गं. माझ्या डोळ्यानं बघत्यात ते. तिथं खोटं कसं घालू?" 

लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे सकाळच्या गाडीनं निपाणीला गेलो. मामा आमच्याबरोबर नव्हते. तयारी बघायला म्हणून ते आदल्या दिवशी दुपारीच गेले होते. सुटाबुटातल्या मामांनी मुलीचा हात धरून तिला आत आणलं तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला. मुलगी रडत होती आणि हसतही होती. मला वाटलं, माझं खोटं सार्थकी लागलं. मग जेवणाच्या वेळी जनरेटर बंद पडला. पंखे थांबले, माईक मुका झाला, पाहुणे ताटांनी वारा घेऊ लागले. कोणीतरी ओरडलं, "पोरीचा बा मेकॅनिक हाय की! त्यास्नी बोलवा!" मी मामांकडे बघितलं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. कपाळावरून घाम ओघळत होता. चालत्या उपासनेत पंख्याला तेल घालणारा तो माणूस म्हणाला, "आज न्हाय." मुलाचे काका कुजबुजले, लई मोठा माणूस दिसतोय. मामांच्या मांडीवर एक फडकं उलगडलेलं होतं. त्यात कालच्या गार भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी.

तेव्हा मला सगळं कळलं. मी त्यांच्याजवळ जाऊन खाली बसले. "मामा, आज तर सातवा. तुम्हीच धरलाय."

"तुझा सातवा. माझा आठवा."

"मंग तुम्ही इथं कसं?"

"दिवस बुडायच्या आत आलतो काल. हिथंच निजलो. आज माझी जागा हीच." ते जरा हसले. "रविवारपास्नं डोकं खाजवत होतो. मंगळवारी सुचलं."

"म्हंजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"चौतीस वर्सं संसार केलाय बाळ. माझ्या आईच्या मयताला आलेल्या पाहुण्याला, तुमचा शर्ट उसवलाय म्हणून सांगणारी बाई ती. ती चांदाबद्दल खोटं बोलंल?" मग त्यांचा आवाज खाली आला. "तू न्हाय म्हणालीस, तवा मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. घरात गेलो आणि त्याचीच भीती वाटली."

मी रडायला लागले. त्यांनी मांडीखालचा एक हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "माझ्यासाठी बोललीस. ठाऊक हाय मला. रडू नको, जा, जेवून घे. बिर्याणी चांगली झालीया म्हंत्यात."

उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता त्यांना चांद एकच दिसतो. तरी दोन साक्षीदारांची पद्धत त्यांनी चालू ठेवली आहे. म्हणतात, माणसानं आपल्या एकट्याच्या डोळ्यावर विसंबू नये. आमच्याकडे ते पूर्वीसारखेच येतात, माग ठीक करतात, आईशी बीजेवरून वाद घालतात, माझ्या शाळेची चौकशी करतात, मला बाळ म्हणतात. त्यांच्या वागण्यात रागाचा लवलेश नाही. फक्त एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी ते मला हाक मारत नाहीत. मामी आणि शिंपीभाई वर जातात.

मागच्या महिन्यात मी आपणहून विचारलं, "मामा, मी येऊ काय वर?" ते लगेच म्हणाले, "ये की! इचारतीस काय?" मामींनी चहा दिला. मी कठड्यापाशी उभी राहिले. मामांनी भाईंना विचारलं, मग मामींना. दोघं बराच वेळ शोधत होते. मला ती कोर केव्हाच दिसली होती. मी चहा प्यायले.