मोहाखालचं अंगण

आमच्या गावामागच्या डोंगरावर फिरायला येणारी माणसं नेमकी आमच्याच झाडाखाली का बसतात, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. कारण साधं होतं. तेवढीच जागा झाडलेली असते, आणि ती माझी आई झाडते.

मोहाची फुलं पडू लागली की देवरीकडच्या आमच्या गावांत बायका उजाडण्याआधीच डोंगराकडे निघतात. उन्हं वर येईपर्यंत फुलं टपटप पडत राहतात. ती वेचायची आणि घरी आणून वाळवायची. झाडं जंगलातली, पण कोणतं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे ठरलेलं असतं. त्याची पाटी नसते, गावाला ते ठाऊक असतं एवढंच. आमच्या वाट्याचं झाड वरच्या सपाटीवर आहे, जिथून खालचं तळं दिसतं.

पूर्वी झाडाखालचा पालापाचोळा जाळून टाकत. भुई काळी झाली की त्यावर फिकट फूल चटकन दिसतं. पण आग झाडाखालीच थांबत नाही. एका उन्हाळ्यात ती वर चढली आणि बांबूचं अख्खं बन गेलं. त्यानंतर गावानं बसून ठरवलं, जाळायचं नाही, झाडायचं. तेव्हापासून आई खराट्यानं सगळा पाला बाजूला ओढते. कंबर धरते तिची, पण झाडून झालं की ती उगाच थोडा वेळ त्या भुईकडे बघत उभी राहते.

काळ्या भुईवर कधी कोणी बसलं नव्हतं. झाडलेल्या भुईवर सगळेच बसू लागले. रविवारी गोंदियाकडून गाड्या येतात. वर सावली, खाली स्वच्छ जमीन, समोर तळं. लोक चटई अंथरतात, गाडी सावलीत घेतात, गोवऱ्या पेटवून कणकेचे गाकर, म्हणजे जाड रोट्या, भाजतात. फुलं चटईखाली जातात, चाकाखाली जातात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. एकदा एका गृहस्थानं मला कौतुकानं विचारलं होतं, "यहाँ सफाई कौन करता है? बहुत बढ़िया रखा है." मी नुसतं "हो" म्हटलं.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे असं काही झालं की सगळे माझ्याकडे बघतात. मी एक पाटी रंगवून झाडाजवळ रोवली, निसर्ग जपा म्हणून. पुढच्या रविवारी लोकांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले.

शेजारच्या झाडाची फुलं वेचणारे काका संध्याकाळी आमच्या दारात आले.

"वहिनी, जाळून टाका जी. काळ्या भुईवर कोन बसते?"

"गावानं नाही म्हटलं ना," आई म्हणाली.

"गावाची फुलं चाकाखाली जाऊन राहिली का? आपली जाऊन राहिली. आन तुमची पोरगी बोर्ड लावून राहिली! बोर्डावर टावेल वाळून राहिले!"

मी चुलीकडे तोंड फिरवलं. आईनं वाळत घातलेली फुलं हातानं सारखी केली. मग म्हणाली, "हा रविवार पायते. नाही आयकलं लोकायनं, तं मी बी काडी लावीन." ती हे काकांना सांगत होती, पण मला ऐकू जावं म्हणून.

त्या रविवारी मी काय बोलायचं ते हिंदीत पाठ करून गेले होते. आई वेचत होती. टोपली अर्धीही भरली नव्हती तोच एक गाडी चढावरून आली आणि झाडाकडे वळली. मी वाटेत आडवी उभी राहिले. आतून एक माणूस, त्याची बायको आणि म्हातारी आई उतरली.

"नमस्ते. वो... ये जगह..." पाठ केलेलं सगळं गेलं.

"टिकट लगता है क्या?" त्यानं विचारलं.

"नहीं, नहीं. वो फूल... और आग..."

"आग?" तो हसला. "मॅडम, जंगल में आग तो आप लोग ही लगाते हो. हमने देखा है."

ते खोटं नव्हतं. तरी कसं कोण जाणे, एक वाक्य पुरं निघालं. "लगाते थे. अब मेरी माँ झाड़ू लगाती है, इसीलिए तो आपको यहाँ साफ दिखता है."

त्यानं आईकडे पाहिलं. ती वाकलेलीच होती. म्हातारी पुढे गेली. "ये आपका आँगन है क्या?"

आई सरळ झाली. "आंगनच समजा जी. बसाचं तं बसा, पन फुलं उचलू द्या आधी."

म्हातारीनं चप्पल काढली आणि खाली बसून फुलं वेचायला लागली. थोड्या वेळानं सूनही बसली. मुलगा गाडीपाशी घुटमळला, मग त्यानंच मला विचारलं, गाकर कुठे भाजायचे? मी त्याला तळ्याकाठचा उघडा कातळ दाखवला, जिथे आगीला धरायला गवताची काडीही नाही. निघताना म्हातारीनं पळसाच्या पानावर आईसाठी गाकर आणून दिला. आईनं तो खाल्ला आणि ते गेल्यावर म्हणाली, "मीठ कमी हाय."

दुपारी आलेली दुसरी गाडी मात्र थांबली नाही. ती थेट झाडाखाली गेली. मी बोलत होते तेव्हा आतल्यांनी गाण्याचा आवाज वाढवला.

संध्याकाळी काका आले. "का झालं मग?"

"अर्धे आयकले," आई म्हणाली.

"अर्धेच?"

"तुमच्या घरी तरी सारे आयकतेत का?"

काका हसले, पण उठेनात. आई काय ठरवते याची वाट ते बघत होते आणि मीही. आई आत गेली. मला वाटलं, काडीपेटी आणायला गेली. ती रांगोळीचा डबा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे झाडून झाल्यावर, गाडीवाट जिथे झाडाकडे वळते तिथे तिनं शेणाचा सडा घातला आणि दारात काढते तशी रांगोळी काढली. मी माझी पाटी उपटून घरी आणली. आता काकूही त्यांच्या झाडापाशी रांगोळी काढतात. काका म्हणतात, जंगलाले लगन लागलं.

परवाच्या रविवारी एक गाडी रांगोळीच्या अलीकडे थांबली. एका बाईनं काच खाली केली, थोडं घुटमळून विचारलं, "आत येऊ का?"

आईनं मान वर केली. "या ना," ती म्हणाली, "पन कडेनं या."