भिवंडीचा फेज राजस्थानात

प्लेट उजेडात धरली. सगळी काळी. एक ठिपकासुद्धा स्वच्छ नाही.

आधी आमचं काम सांगते. जमिनीखालच्या तेलात, पाइपलाइनमध्ये काही जिवाणू राहतात. सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी गॅस सोडतात आणि लोखंड आतून कुरतडतात. त्यांना मारायला आम्ही विषाणू सोडतो. त्याला फेज म्हणतात. माणसाला तो काही करत नाही. पण महाशय खाण्याचे भारी चोखंदळ. एका जातीचा जिवाणू फस्त करतील, दुसऱ्याला तोंड लावणार नाहीत. प्लेटवर जिवाणूंचा काळा थर वाढवून त्यावर फेज टाकायचा. जिथे त्यानं खाल्लं, तिथे स्वच्छ ठिपका.

भिवंडीतल्या एका डेपोची लाइन आमच्या फेजनं साफ केली होती. मग राजस्थानातल्या तेलविहिरींचं काम आलं. तिथे मी उमेदीची वर्षं काढलेली. मागेच कशीबशी इकडे बदली मिळाली आणि गणेशपुरीला आईजवळ राहायला आले. रोज एसटीनं भिवंडी, संध्याकाळी घर. मला दुसरं काही नको होतं.

साहेब म्हणाले होते, "मॅडम, आपला फेज चालला तर कुरिअरनं पाठवू. नाही चालला तर तिथे जाऊन तिथलाच शोधावा लागेल."

आणि आता राजस्थानच्या पाण्यातले जिवाणू या प्लेटवर मजेत वाढलेले.

खोटं सांगता आलं असतं. पाइपाला भोक पडेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. खूप वाटलं, चालतो म्हणून सांगावं. शेवटी चडफडत केबिनमध्ये गेले.

"सर, नाही चालत."

"परत करून बघा ना."

"परतच केलंय. त्याला तिथले जिवाणू चालत नाहीत."

साहेबांनी कॅलेंडर पुढे ओढलं. "मग कधी निघताय?"

घरी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"तू खोटं बोलली असतीस आणि पाइप फुटला असता तर?"

"गॅसनं माणसं गेली असती."

"मग बरं केलंस," म्हणाली आणि माझ्याकडे न बघता भाकरी उलटली.

इथे राजस्थानात येऊन विहिरीचं घाण पाणी गाळत बसले. फेज सापडला. प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ ठिपके उमटले. विहिरीतला गॅसही कमी झाला. आईला फोन लावला.

"झालं ना काम? मग कधी येतेस?"

"अगं, शेजारच्या विहिरीत दुसऱ्याच जातीचे जिवाणू निघालेत."

ती "बरं" म्हणाली.

खरं सांगितलं की साहेब शाबासकी देतात. बदली देत नाहीत.