इथला मिक्सर चटणीचा नव्हे!

आमच्या दुकानात संध्याकाळी शेल्फ पुसून घरी जावं, तर सकाळी पुन्हा बोटभर धूळ. किश्शांचंही तेच! एक कुणाला तरी सांगून मोकळं व्हावं, तोवर नवा येऊन बसलेला.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं पॉवर टूल्सचं दुकान आहे. म्हणजे शेठचं. मी काउंटरवर असते, आणि डेमो द्यायला कालिकतचे बशीरभाई. टाइल चिकटवायचं ॲडेसिव्ह, भिंतीचं प्लास्टर, हे सगळं बादलीत घोटायला दोन मुठींचं, लांब दांड्याचं, टोकाला फिरणारं पॅडल असलेलं एक मशीन असतं. त्याला म्हणतात मिक्सर. आणि निम्मे घोळ त्या नावापासूनच सुरू होतात.

*

पुण्याच्या एक काकू मुलाकडे अल नहदाला आल्या होत्या. मुलगा शेजारच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवत होता, काकू आमचा बोर्ड वाचून आत आल्या. मी फोनवर मराठीत बोलतेय हे ऐकून तर इतक्या खूश!

"मिक्सर दाखव गं एखादा चांगला. किती वॅटचा येतो?"

"सोळाशे, काकू. पण हा..."

"अगंबाई! आमचा साडेसातशेचा आहे. यात वाटण किती होतं?"

बशीरभाईंना त्यातलं 'किती' तेवढं कळलं. ते अदबीनं म्हणाले, "नब्बे लिटर, मॅडम."

काकूंनी क्षणभर विचार केला. मग मला हळूच विचारलं, "भांडं स्टीलचंच आहे ना पण?"

*

एक तरुण कॉन्ट्रॅक्टर आला तो तणतणतच. हातात जळका वास मारणारी ड्रिल. ती आमच्याकडचीच. तिला पॅडल लावून पठ्ठ्यानं सकाळभर टाइलचं ॲडेसिव्ह घोटलं होतं! ते असतं घट्ट मळलेल्या कणकेसारखं. त्याला हळू फिरणारं, जोरकस मशीन लागतं. ड्रिल बिचारी भोकं पाडायला जन्मलेली.

"एकदम खराब माल दिया आपने!" तो ओरडला.

बशीरभाईंनी ड्रिल हातात घेतली, हुंगली आणि काउंटरवर हळुवार ठेवली.

"हबीबी, बकरी को हल में जोता, और अब बोलते हो बकरी खराब निकली?"

तो हसत सुटला. जाताना मिक्सर घेऊन गेला, आणि 'बकरी'ही रिपेअरला ठेवून गेला.

*

माझी लेक ईशा, वय वर्षं आठ. जन्म इथलाच. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. शाळेच्या पेरेंट्स मीटिंगला तिच्या टीचर मला बघून एकदम उठूनच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ॲन्युअल डेला तुम्ही मदत करायलाच पाहिजे! आमचा डीजे आयत्या वेळी कॅन्सल झालाय."

मला काही कळेना. मी ईशाकडे पाहिलं. "काय सांगितलंयस गं तू टीचरना?"

"आय जस्ट सेड, माय मम डज मिक्सिंग!"

*

आता हे सॉफ्ट स्टार्टचं. मशीनमध्ये ही सोय असली की बटण दाबल्यावर पॅडल आधी हळू फिरतं, मग वेग घेतं. नसली की पहिल्या झटक्यालाच सुसाट!

एक इंजिनियर साहेब आले. शर्ट पांढराशुभ्र, इस्त्रीची घडी अशी की बोट कापावं. "सॉफ्ट स्टार्टची काय गरज? सगळी सेल्सवाल्यांची नाटकं!" म्हणाले, आणि स्वतःच साधं मशीन उचललं. बशीरभाई दोन पावलं मागे सरले. ते बघून मीही सरले.

साहेबांनी बटण दाबलं.

डेमोच्या बादलीतलं निम्मं प्लास्टर बादलीत राहिलं. साहेबांनी चष्मा काढला. चष्म्यामागचे डोळे तेवढे साहेबांचे दिसत होते, बाकी सगळं प्लास्टर. अगदी शांत आवाजात म्हणाले, "ते दुसरं दाखवा."

*

जिप्समचं प्लास्टर कुणाची वाट बघत नाही. पाणी घातलं की यल्ला, हात चालवायचा! एका गृहस्थांना नेमका तेव्हाच गावाहून फोन आला. मुलगा झाला होता! ते घरातल्या सगळ्यांशी बोलले. बोलून परत येतात तो बादली, प्लास्टर आणि मिक्सर यांचा एकजीव दगड. तो तसाच उचलून आमच्याकडे आले. मिक्सर मधोमध खांबासारखा उभा.

"भाई, वॉरंटी में आएगा?"

बशीरभाईंनी प्लास्टरवर टिचकी मारली. कान लावून ऐकलं. "प्लास्टर एकदम फर्स्ट क्लास हुआ है. बस, दीवार की जगह बाल्टी में हुआ है."

गृहस्थांनी खिशातून पेढ्यांचा बॉक्स काढला. दोष नेमका कुणाचा, हे मग कुणी विचारलंच नाही. आम्ही पेढे खाल्ले आणि हातोडी घेतली.

*

आणि हे हरपालजी आणि गुल खान. हरपालजी प्लास्टरवाले, गुल खान टाइलवाले. कित्येक वर्षांची पार्टनरशिप, आमचं जुनं गिऱ्हाईक. एकाच्या घरून लोणचं आलं की बरणी दुसऱ्याच्या खोलीत उघडायची.

एका दुपारी हरपालजी एकटेच आले. तोंड उतरलेलं. "मॅडम, एक मिक्सर दिखाओ. सिर्फ प्लास्टर का. पार्टनरशिप खलास."

भांडण कशावरून, ते त्यांनी सांगितलं नाही. मला विचारवेना. बशीरभाईंनी मशीन काढलं, तेवढ्यात दार उघडून गुल खान आत आले. हरपालजींकडे पाठ करून म्हणाले, "मुझे भी एक. सिर्फ ॲडेसिव्ह का."

बशीरभाईंनी आधी ॲडेसिव्हची बादली मधे ठेवली. गुल खाननी दोन्ही मुठी धरून मशीन सुरू केलं. माल घट्ट, त्यामुळे बादलीच गरगर फिरायला लागली.

हरपालजी स्टुलावरून उठले. पुढे झाले आणि दोन्ही पाय टेकवून बादली घट्ट दाबून धरली. गुल खाननी वर पाहिलं नाही. फक्त म्हणाले, "पानी."

हरपालजींनी पाणी ओतलं.

"बस."

हरपालजी थांबले.

मशीन बंद झालं. दोघंही बादलीत बघत उभे. मी उगाच बिलिंगच्या स्क्रीनकडे पाहत राहिले. शेवटी हरपालजी म्हणाले, "मशीन एक ही दे दो, बशीरभाई. दो स्पीड वाली. पॅडल दो, एक इसका, एक मेरा."

दोघांनी मिळून खोका बाहेर नेला. दारात एकच पिकअप उभी होती. मला राहवेना. मी मागून विचारलं, "हरपालजी, झगडा था, तो एक गाडी में कैसे आए?"

हरपालजी वळले. म्हणाले, "क्या करते, मॅडम? गाडी मेरी है, लायसन इसका!"