पाटीतली मधली जागा

बाळूदादाचा फोन आला तेव्हा मी नगरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होते. "सुमे, आई गेली," एवढंच तो म्हणाला. त्याची आई म्हणजे माझी ठकूमावशी. मी दोन वर्षांची असताना माझी आई वारली आणि मिरजगावजवळच्या वस्तीवर मावशीनं मला सांभाळलं. दहाव्या वर्षापर्यंत मी तिलाच आई म्हणायची. पुढं मावशी म्हणायला लागले... का, ते तिनं कधी विचारलं नाही.

ऊब हा शब्द सदा तिच्या तोंडी. विरजण लावलेलं गाडगं घोंगडीत गुंडाळताना म्हणायची, "हलवू नगं, ऊब लागू दे." पाडाचे आंबे गवतात घालताना तेच. शेजारच्या नव्या नवरीला विचारायची, "घराची ऊब लागली का गं?" आणि खुडूक कोंबडी बांबूच्या पाटीत अंड्यांवर बसवणं हे तर तिचंच काम. ज्यांच्याकडं खुडूक कोंबडी नसे ते आपली अंडी तिच्याकडं आणून देत आणि पिल्लं हिंडायला लागली की घेऊन जात. त्या अंड्यांवर मावशी कोळशानं रेघ ओढायची. "ही लोकाची हायेत, मदी ठिव," मला सांगायची. "मदी ऊब जास्त. घरची ठिव कडंला."

थंडीत आम्ही तिघं एकाच गोधडीत झोपायचो. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला बाळूदादा आणि मधी मी. त्या जागेचा मला केवढा तोरा होता!

मग एका सकाळी वडील आले. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, घरात दोन लहान पोरं होती आणि त्यांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मावशीनं माझी वेणी घातली. "आठ दिस ऱ्हाऊन ये," म्हणाली. मी उड्या मारत निघाले. काष्टीला, त्यांच्या गावी, जाताना एसटीत वडील सहज बोलून गेले, "धा वर्साची झाली की न्यायची, आसं तवाच ठरलं हुतं." म्हणजे आठ वर्षं तिला ठाऊक होतं. मला परत दिलं ते एक वेळ सोसलं असतं, पण तिनं मला फसवून पाठवलं. ते मी आजही विसरलेले नाही, ती गेली तरी.

दहाव्याला गेले तर चुलीमागं तिची पाटी, पाटीत कोंबडी बसलेली. हळूच उचलून पाहिलं. मधल्या पाच अंड्यांवर रेघा होत्या, म्हाताऱ्या हाताच्या, वाकड्यातिकड्या.

"कुणाची रं?"

"काय म्हाईत. आईनं सांगितलंच न्हाई." बाळूदादा शेजारी टेकला. म्हणाला, "तू मदी झोपायचीस. मला कडंला लई थंडी वाजायची. वाटायचं, आईला तूच लाडकी."

"मी लोकाची हुते, दादा."

त्यानं कोंबडी परत अंड्यांवर नीट बसवली. मी विचारलं, "कुणी न्यायला न्हाई आलं तर?"

"तर आपलीच."

परवा त्याचा फोन आला. पाचही पिल्लं निघाली, अंगणात हिंडतात, अजून कुणी आलेलं नाही.

मला न्यायला आले होते. आणि माझी पिशवी मावशीनं आदल्या दिवशीच भरून दाराआड ठेवली होती.