तुळसाबाईचा हात आणि अंजनाचं नरसाळं

केनवडच्या खालच्या आळीत कोणाकडे पाहुणे आले आणि अंगणातला कोंबडा कापायचा ठरला, की तुळसाबाईला बोलावणं जायचं. तीस वर्षं हेच चाललं होतं. एरवी मिशीला पीळ देणारे बाप्ये फडफडता कोंबडा हातात आला की इकडेतिकडे बघत. तुळसाबाई पदर खोचायची, पंख पायाखाली दाबायची आणि एका झटक्यात मोकळी व्हायची. मग गरम पाण्यात बुचकळून पिसं काढायची, तुराट्यांच्या जाळावर लव भाजायची, हळद चोळायची. पित्ताची पिशवी तिच्या हातून कधी फुटली नाही. कोणाकडून ती काही घेत नसे. "तुळसाबाईचा हात लागला, मंग काय पाह्यता," एवढं कानावर पडलं की तिचा आठवडा चांगला जाई.

दोन वर्षांपूर्वी शेजारी अंजना सून म्हणून आली. तिने फोनवर कुठेतरी पाहिलं आणि मालेगावच्या युनूस पत्रेवाल्याकडून एक मोठं नरसाळं करून आणलं. ते निंबाच्या खोडाला ठोकलं. त्यात कोंबडा उलटा घातला, की मुंडकं खालच्या तोंडातून बाहेर येई आणि अंग पत्र्यात आवळून बसे. फडफड नाही, धडपड नाही, खाली ठेवलेल्या घमेल्याबाहेर रक्ताचा थेंब नाही. आळीतल्या बाया बघायला जमल्या.

"लय सोपं आहे वं हे! तुळसाबाई कापे तवा अर्धं अंगण भरे," कोणीतरी म्हणालं.

तुळसाबाई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. एकच लुगडं तिने तीनदा पिळलं.

त्यानंतर बोलावणी आटली. अंजनाच्या अंगणात कोणी पिशवीत कोंबडा घेऊन शिरलं की तुळसाबाईची भाकर तव्यावर करपायची. रात्री पडल्या पडल्या ती अंजनाचे दोष मोजी. दोष फार सापडत नसत, त्याचाच तिला जास्त राग येई.

या माघात तिच्या दिराच्या, जगदेवच्या घरी त्याच्या लेकीच्या, साधनाच्या सासरची मंडळी यायची होती. तुळसाबाईने सकाळीच सुरी घासून ठेवली. जगदेव आला, पण दोन्ही हातांत कोंबडे उलटे धरून सरळ अंजनाच्या अंगणात गेला. जाताना एवढंच म्हणाला, "वयनी, तुमाले आता कायले तरास?"

तिला राहवलं नाही. विरजण मागायचं निमित्त काढून तीही तिथे गेली. कापणं झालं होतं. चुलीवर पाणी खदखदत होतं आणि अंजना त्यातच कोंबडा सोडायला निघाली होती. तुळसाबाईला कळलं: कातडी शिजणार, पिसांबरोबर सोलून येणार. बुडाशी बारीक बुडबुडे धरले की पातेलं उतरवून वर तांब्याभर गार पाणी घालायचं, एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आला. तिने तो गिळला आणि विरजणाची वाटी घेऊन ती घरी गेली.

दोन्ही कोंबड्यांची साल लोंबत निघाली. भाजून हळद लावायला कातडंच उरलं नाही. जगदेव पाहुण्यांसमोर ओशाळला आणि नंतर अंजनावर डाफरला. तुळसाबाईने सगळं भिंतीआडून ऐकलं. आधी तिला गार वाटलं. ताटावर बसली, तेव्हा अर्धी भाकर तिने तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी अंजना दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"काकू, तुमी पाहून राह्यल्या होत्या. काहून नाही बोलल्या?"

खोटं बोलायला जागा होती. विरजणाची घाई होती, नीट दिसलं नाही, काहीही चाललं असतं. तुळसाबाई म्हणाली, "जळत होती मी तुह्यावर."

अंजना उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "मले पाणी कळत नाही, काकू. आजवर नशिबानं निभलं. शिकवा."

त्या रविवारी तुळसाबाईने पातेलं ठेवलं आणि अंजनाचं बोट धरून पाण्यात बुडवलं. "एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बोट टेकवत नाही, समजलं? हेच पाणी."

आता आळीत दोघींना मिळून बोलावतात. कापते अंजना, पिसं काढते तुळसाबाई. लोक नरसाळ्याचं कौतुक करतात तेव्हा तुळसाबाई पिसं जरा जास्तच जोरात उपटते. अंजनाला ते दिसतं. ती पातेलं तुळसाबाईकडे सरकवते.