ऑपरेटरच्या घरचं पाणी

माझे मालक पंप ऑपरेटर आहेत. धरणाच्या काठावर पंपहाऊस आहे. तिथून आमच्या तालुक्याच्या गावाला पाणी जातं. पंपहाऊसला लागूनच दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, त्यात आम्ही राहतो. लग्न करून इथं आले तेव्हा माझ्या आईला फार बरं वाटलं होतं. आम्ही बहिणी अणदूरला हापशावर नंबर लावून वाढलो. लेकीला दारातच पाणी मिळालं, याहून जास्त तिला काही नको होतं.

गावाला आठवड्यातून एकदा पाणी सुटायचं, तेही पंप चालला तर. मधली काही वर्षं तो चालणंच अवघड झालं होतं. कधी बेअरिंग जायचं, कधी सील गळायचं. ठेकेदाराची माणसं यायची, पंप उघडायची, नवं सामान बसवून जायची आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तीच घरघर सुरू व्हायची. तेवढे दिवस गाव कोरडं. मी बाजारला गेले की भाजीवालीसुद्धा विचारायची, "काय वो, कधी सोडताव पाणी?" लोक म्हणायचे, ऑपरेटर झोपा काढतो. कुणी म्हणायचं, पितो. माझे मालक सुपारीसुद्धा खात नाहीत. मला राहवायचं नाही, मी भांडायचे. एकदा पिठाच्या गिरणीत एका बाईला सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आमच्या मान्सानं एक जरी चूक केली असंल तर दाखवा. मशीनच खराब हाय, त्येला ते काय करतील?" मी मान वर करून घरी आले.

एका उन्हाळ्यात तर पंपाचा शाफ्टच, मधला फिरता दांडाच मोडला. नवा यायला वेळ लागणार होता. बायका रिकाम्या घागरी घेऊन नगरपालिकेवर गेल्या. तिथं त्यांना पंप बंद आहे एवढंच सांगितलं. मग त्या टेम्पोत बसून थेट आमच्या दारात आल्या.

मी त्या दिवशी गोधड्या धुतल्या होत्या. क्वार्टरला छोट्या मोटारीनं धरणातलं पाणी येतं. मोठा पंप बंद असला तरी आमचं काही अडत नाही. अंगणात तारेवर चार गोधड्या निथळत होत्या, खाली चिखल झाला होता आणि दाराशी दोनशे लिटरचा निळा ड्रम काठोकाठ भरलेला होता. बायका आरडाओरडा करत आल्या आणि अंगणात पाऊल टाकताच थबकल्या. त्यांनी आधी गोधड्यांकडं बघितलं, मग ड्रमकडं, मग माझ्याकडं.

मालक पुढं झाले. म्हणाले, "शाफ्ट यायलाय. आला की लगीच बसवतो." त्यांच्याकडं कुणी बघितलंच नाही.

एक म्हातारी पायरीवर बसली. म्हणाली, "बाई, घोटभर पाणी दे." मी तांब्या भरून दिला. तिनं सावकाश पिऊन तोंड पुसलं. "गोड हाय," एवढंच म्हणाली.

मी बाकीच्यांना म्हणाले, "भरून घ्या न घागरी. ड्रम सगळा न्या." एकीनं आपली घागर पालथी करून कडेवर घेतली. "असू द्या. तुमच्या गोधड्या ऱ्हातील धुवायच्या." मागं कुणीतरी मोबाईल वर धरून शूटिंग करत होतं. मी तारेवरच्या गोधड्या ओढून काढायला लागले. कशासाठी, ते माझं मलाच कळलं नाही. बघायचं ते सगळ्यांनी बघितलंच होतं.

त्याच दिवशी तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, 'ऑपरेटरच्या घरी पाण्याचा सुकाळ.' दुसऱ्या दिवशी माहेराहून भावजयीचा फोन आला. "वन्सं, त्यो व्हिडिओ तुमच्या दारातला हाय का?" मी नाही म्हणणार होते. पण त्यात मी ओल्या गोधडीसह स्पष्ट दिसत होते.

मोर्च्यामुळं एक झालं. वरून आदेश आला आणि धाराशिवहून एक इंजिनिअर मॅडम आल्या. तोवर नवा शाफ्ट बसला होता. त्यांनी काहीच खोललं नाही. खुर्ची मागितली आणि पंपाशेजारी बसून राहिल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा नेमकी वीज गेली. पंप थांबला. लगेचच वीज परत आली आणि मालक नेहमीसारखे बटणाकडं धावले.

"थांबा दादा," मॅडम म्हणाल्या. "बटण दाबू नका. आधी इकडं बघा."

बंद पंपाचा शाफ्ट फिरत होता. उलटा.

"वर चढलेलं पाणी पाईपातनं खाली येतंय, ते पंपाला उलटं फिरवतंय," त्या म्हणाल्या. "ते अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह झिजलाय. आता तुम्ही बटण दाबलं की मोटार त्याला सुलट ओढणार. दणका कुणाला बसंल?"

मालकांनी शाफ्टकडं बोट केलं.

"वीज गेली की तुम्ही दर वेळी असंच करता?"

"व्हय. लोकं पान्यासाठी ताटकळतात मॅडम. म्या येळ घालवत न्हाय."

"तिथंच घोटाळा होतोय. पाणी पूर्ण खाली उतरून पंप थांबू द्यायचा. पुढचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मग पंप चालू, मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा."

त्या पुढं म्हणाल्या की झिजलेला व्हॉल्व्ह कुणी तपासलाच नाही, ऑपरेटरला कुणी शिकवलं नाही, यात दादांची एकट्याची चूक नाही. ते त्यांनी माझ्याकडं बघूनच सांगितलं. पण मला गिरणीतला माझाच आवाज ऐकू येत होता. एक जरी चूक केली असंल तर दाखवा. मी चहा तसाच परत घेऊन आले.

जेवताना मालक खाली बघूनच बोलले. "गिरणीत भांडलीस ते कळलं व्हतं मला. आता नको भांडू."

"तुमाला म्हाईत व्हतं का, असं व्हतंय म्हून?"

"न्हाय. म्हाईत असतं तर केलं असतं का?"

मी त्यांना आणखी भाकरी वाढली. त्यांनी नको म्हटलं नाही आणि खाल्लीही नाही.

नंतर नवा व्हॉल्व्ह बसला. स्टार्टरला टायमर लावला, त्यामुळं वीज आली तरी ठरल्या वेळेआधी पंप सुरूच होत नाही. मॅडमनी पंप आणि मोटार एका रेषेत आणून घेतली. घरघर गेली. आता गावाला एक दिवसाआड पाणी मिळतं आणि कुणी आमचं नावही काढत नाही. तो व्हिडिओ मात्र दर उन्हाळ्यात कुणीतरी पुन्हा टाकतं. मी दळण दुसऱ्या गिरणीत नेते. ती लांब पडते.

आता दुसऱ्या पाणीयोजनांच्या ऑपरेटरांना आमच्याकडं शिकायला पाठवतात. मागच्या महिन्यात येरमाळ्याकडचे दोघं आले होते. मालकांनी त्यांना पंपाजवळ उभं केलं आणि सुरुवातच अशी केली, "ह्यो पंप कितीतरी वर्सं म्याच मोडत व्हतो. कसा, ते आधी सांगतो."

ते दोघं हसले. मालकही हसले. त्यांना ते सांगताना काहीच वाटत नाही, उलट रंगवून सांगतात. मी कपबशा पायरीवर ठेवल्या आणि कुणी माझ्याकडं बघायच्या आत घरात आले.